अतिरिक्त कार्यभार आणि वर कारणे दाखवा नोटीस: खुलासा कसा द्यायचा

शासकीय नोकरीत नवीन लागलेल्या माणसाला पहिला अतिरिक्त कार्यभार मिळतो तो बहुतेक वेळा फोनवर. "शेजारच्या सजाचं (तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांचं) दप्तर तूर्त तुम्हीच बघा, ऑर्डर निघेल." ऑर्डर कधी महिन्याभराने निघते, कधी निघतच नाही. मग मूळ टेबलावरचं एखादं प्रकरण लांबतं, तपासणीत सापडतं आणि कागद येतो: आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का प्रस्तावित करू नये, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा, मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.

हा लेख महाराष्ट्रातल्या राज्य शासनाच्या आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे: ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक), लिपिक, शिक्षक. खासगी कंपनीतल्यांचे नियम वेगळे. त्यांनी आधी आपलं नेमणूकपत्र आणि कंपनीचे स्थायी आदेश वाचावेत. खुलासा लिहिण्याची रीत मात्र त्यांनाही उपयोगी पडेल.

एक गोष्ट सुरुवातीलाच. "माझ्याकडे तीन ठिकाणचा चार्ज होता" हे वाक्य म्हणजे खुलासा नव्हे. ते सगळेच लिहितात आणि आस्थापना शाखेत ते वाचून कुणी थांबत नाही. ज्या तारखांना काम राहिलं, त्याच तारखांना तुम्ही कुणाच्या आदेशाने कुठे होता, हे कागदानिशी दिसलं की तेच वाक्य बचाव होतं.

पहिली पायरी: नोटीस घ्या, तारीख टाका

नोटीस नाकारू नका. नाकारली तर पंचनामा करून दारावर चिकटवतात, पोस्टाने पाठवतात, आणि नाकारल्याची नोंद तुमच्याच विरोधात जाते. घ्या, सही करा, सहीखाली मिळाल्याची तारीख आणि वेळ लिहा. नोटिशीवरची तारीख १० असते आणि ती हातात पडते १४ ला, असं सर्रास होतं. मुदत मिळाल्यापासून मोजायची असेल तर हीच नोंद तुमच्या कामी येते.

आता बऱ्याच नोटिशा व्हॉट्सॲप ग्रुपवरच पडतात. तिथे उत्तर देऊ नका, अंगठाही दाखवू नका. संदेशाची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, पीडीएफची छापील प्रत काढा आणि उत्तर कागदावर द्या.

दुसरी पायरी: हातातला कागद नेमका कोणता आहे ते ओळखा

नवख्या माणसाला सगळेच कागद सारखेच भीतीदायक वाटतात, पण त्यांचं वजन वेगवेगळं असतं.

साधं ज्ञापन (मेमो) किंवा खुलासा मागणारं पत्र ही प्राथमिक विचारणा असते. कारणे दाखवा नोटीस त्याच्या पुढची. तिच्यात बहुधा आरोप आणि नियम दोन्ही लिहिलेले असतात. त्यानंतरचे दोन कागद खरे गंभीर. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम १० खालचं ज्ञापन किरकोळ शिक्षेसाठी असतं: ठपका, वेतनवाढ किंवा पदोन्नती रोखणं, झालेल्या नुकसानीची वसुली. नियम ८ खालचं दोषारोपपत्र जबर शिक्षेसाठी: पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणं, बडतर्फी. दोषारोपपत्र ओळखणं सोपं आहे, त्याला चार जोडपत्रं असतात: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६४ चे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम लागू होतात. त्यामुळे नोटिशीत चुकीच्या नियमाचा उल्लेख असेल तर तो टिपून ठेवा.

मग सही कुणाची आहे ते पाहा. खुलासा कुठलाही वरिष्ठ मागू शकतो, शिक्षा मात्र सक्षम प्राधिकाऱ्यालाच करता येते. आणि कुठला कायदा पुढे केलाय तेही पाहा, कारण उत्तराचा रोख त्यावर ठरतो.

सर्वांत जास्त वेळा येतो तो 'दप्तर दिरंगाई'चा कायदा, म्हणजे बदल्यांचं विनियमन आणि कर्तव्य पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम. त्याच्या कलम १० मध्ये कोणतीही नस्ती (फाईल) एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कार्यदिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. नोटिशीत एवढंच उचललेलं असतं. पण त्याच कलमात कारवाईचा संबंध हेतुपुरस्सर केलेल्या विलंबाशी किंवा दुर्लक्षाशी जोडलेला आहे, हे बहुतेक नोटिशांत येत नाही. ते तुमच्या खुलाशात आलं पाहिजे.

दाखल्यांच्या उशिरासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम लावला जातो. त्यात पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. तुम्ही त्या सेवेचे पदनिर्देशित अधिकारी आहात, की फक्त नस्ती पुढे पाठवणारे, हे आधी तपासा.

'कर्तव्यपरायणता राखली नाही' असं लिहिलं असेल तर तो वर्तणूक नियम, १९७९ चा नियम ३. तो नियम पूर्ण वाचा. त्यातच असंही आहे की वरिष्ठांच्या निर्देशाने काम करताना तो निर्देश शक्यतो लेखी घ्यावा, आणि तसं जमलं नाही तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवावी. फोनवर मिळालेल्या चार्जची लेखी पुष्टी मागणं हा आगाऊपणा नाही, नियमच तसं करायला सांगतो.

तिसरी पायरी: मुदत आणि कागद, दोन्ही मागा

चोवीस तासांची नोटीस आली तरी चोवीस तासांत काहीतरी गेलंच पाहिजे. पूर्ण खुलासा शक्य नसेल तर चार ओळींचा अंतरिम खुलासा द्या: नोटीस अमुक तारखेला मिळाली, आरोप मान्य नाहीत, संबंधित अभिलेख अमुक कार्यालयात आहेत, ते पाहू द्यावेत आणि त्यानंतर सात दिवसांची मुदत मिळावी. मुदतवाढ मिळालीच असं धरून बसू नका. तोपर्यंत हाताशी असलेल्या कागदांवर मसुदा तयार ठेवा.

ज्या तपासणी अहवालावर किंवा तक्रारीवर नोटीस उभी आहे, त्याची प्रत मागा. माहिती अधिकारात अर्ज करता येतो, पण तिथे माहिती द्यायला तीस दिवस असतात, त्यामुळे खुलाशाच्या मुदतीत तो क्वचितच कामी येतो. पुढे चौकशी लागली तर उपयोगी पडेल म्हणून टाकून ठेवायला हरकत नाही.

चौथी पायरी: तारखांचा तक्ता

सगळा खुलासा या तक्त्यावर उभा राहतो, म्हणून अर्धा दिवस यालाच द्या.

गोळा करायचे कागद: अतिरिक्त कार्यभाराचा आदेश, नसेल तर तो निरोप ज्या संदेशात आला तो; चार्ज घेताना केलेली दप्तराची यादी; आवक-जावक नोंदवहीतल्या संबंधित पानांच्या प्रती; कार्यविवरण नोंदवही; दैनंदिनी; निवडणूक, प्रशिक्षण, पंचनामे, बैठका, शिबिरं यांचे आदेश आणि हजेरीपत्रकं; मंजूर रजा; आणि अडचण कळवणारी तुमची आधीची पत्रं.

आता एक काल्पनिक उदाहरण. नोटीस म्हणते, नस्ती २६ दिवस प्रलंबित ठेवली. ती तुमच्या टेबलावर आली ४ तारखेला आणि पुढे गेली ३० ला. या २६ दिवसांत शनिवार-रविवार आठ, सार्वजनिक सुट्टी एक. उरले १७ कार्यदिवस. त्यांतले पाच दिवस तुम्ही तहसीलदारांच्या लेखी आदेशाने निवडणूक प्रशिक्षणात होता आणि चार दिवस अतिरिक्त कार्यभाराच्या गावी पीक नुकसानीचे पंचनामे करत होता. मूळ टेबलावर प्रत्यक्ष बसायला मिळालेले दिवस आठ. २६ आणि ८ या आकड्यांत जो फरक आहे, तोच तुमचा बचाव.

इथे प्रामाणिक राहा. कायद्यातले सात दिवस मोजताना पंचनाम्याचे दिवस आपोआप वजा होत नाहीत. पण विलंब हेतुपुरस्सर होता का, या प्रश्नाचं उत्तर या आकड्यांतून थेट मिळतं. आणि दिवस मोजायला सुरुवात नस्ती तुमच्याकडे आली त्या तारखेपासून करा. अर्जदाराने अर्ज दिला ती तारीख वेगळी असते, आणि नोटीस लिहिणाऱ्याने बहुधा तीच धरलेली असते. बारनिशीत (आवक शाखेत) आठवडाभर पडून राहिलेला कागद तुमच्या नावावर लागू देऊ नका.

पाचवी पायरी: खुलासा लिहा

एक पान, फार तर दोन. कागद जोडपत्रांत. नोटिशीतला मुद्दा क्रमांक १ म्हणजे तुमच्या उत्तरातलाही मुद्दा क्रमांक १. एकही मुद्दा उत्तराशिवाय सोडू नका. सोडलेला मुद्दा मान्य आहे असाच पुढे वाचला जातो.

नमुना असा:

प्रति, मा. .........
विषय: कारणे दाखवा नोटिशीबाबत खुलासा.
संदर्भ: १) आपले कार्यालयाचे पत्र क्र. ....., दि. ..... (मला प्राप्त दि. .....) २) अतिरिक्त कार्यभार आदेश क्र. ....., दि. .....

महोदय/महोदया,

उपरोक्त संदर्भ क्र. १ अन्वये मागविलेला खुलासा मुद्देनिहाय सादर करीत आहे.

मुद्दा १: सदर नस्ती २६ दिवस प्रलंबित ठेवल्याचे नमूद आहे. नस्ती माझ्याकडे दि. ..... रोजी प्राप्त झाली (जोडपत्र अ, आवक नोंद) व दि. ..... रोजी निकाली काढली (जोडपत्र ब). या कालावधीत १७ कार्यदिवस असून त्यांपैकी ९ दिवस मी संदर्भ क्र. २ व जोडपत्र क मधील आदेशांनुसार अन्यत्र कर्तव्यावर होतो. उर्वरित कार्यदिवसांत नस्तीवर कार्यवाही पूर्ण केली आहे. सबब विलंब हेतुपुरस्सर नाही.

मुद्दा २: दि. ..... च्या बैठकीस गैरहजर राहिल्याचे नमूद आहे. त्याच दिवशी ..... येथे आदेशानुसार उपस्थित होतो (जोडपत्र ड, हजेरीपत्रक). बैठकीस येता येणार नसल्याचे दि. ..... रोजी कळविले होते (जोडपत्र इ).

वरील वस्तुस्थिती विचारात घेऊन नोटीस नस्तीबद्ध करण्यात यावी, ही विनंती. आवश्यक वाटल्यास समक्ष म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.

एवढं पुरे.

आता काय लिहू नये. "यापुढे अशी चूक होणार नाही, क्षमा असावी" हा सल्ला तुम्हाला कार्यालयातला जुना माणूस चहा पाजून देईल: "दोन ओळी माफीच्या लिही, साहेब फाईल बंद करतील." कधी कधी बंद होतेही. पण ती फाईल नष्ट होत नाही. पुढे दुसऱ्या प्रकरणात तोच कागद "संबंधितांनी चूक मान्य केली आहे" अशा शब्दांत वर येतो, किंवा गोपनीय अहवालात उतरतो. चूक खरोखर तुमची असेल तर तेवढीच, नेमक्या शब्दांत मान्य करा: नोंद घ्यायची राहिली, लक्षात येताच अमुक तारखेला घेतली, कुणाचं नुकसान झालं नाही. सरसकट माफी आणि नेमकी कबुली यांत फार अंतर आहे.

"कामाच्या प्रचंड ताणामुळे", "मानसिक खच्चीकरण", "जाणीवपूर्वक लक्ष्य केलं जात आहे" हे शब्दही टाळा. छळ होत असेल तर त्याची तक्रार वेगळ्या कागदावर, वेगळ्या प्राधिकाऱ्याकडे करा. खुलाशात ती मिसळली की वाचणारा आरोप सोडून तुमच्या सुराकडे बघतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं नाव घेऊ नका. "सदर कालावधीत हे पद रिक्त होते" एवढं पुरतं. आणि मोबाईलवर फिरणारे तयार खुलासे जसेच्या तसे उतरवू नका. दोघांचे खुलासे शब्दशः सारखे आले की दोन्हींचा जोर जातो.

कधी नोटिशीतच "आपण दोषी आहात हे सिद्ध झाले आहे" असं लिहिलेलं असतं. नोटिशीच्या टप्प्यावरच निष्कर्ष काढून ठेवणं बरोबर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ओरिक्स फिशरीज प्रकरणात म्हटलं आहे. हा मुद्दा एका ओळीत, शांत भाषेत नोंदवा. त्याच्यावर पूर्ण खुलासा उभा करू नका.

निवडणुकीचं काम आणि शिक्षक

इथे थोडं थांबायला हवं, कारण गैरसमज सर्वांत जास्त इथेच आहेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. अपवाद तीन: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीशी संबंधित कर्तव्यं. म्हणजे बीएलओच्या (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या) कामाला कलम २७ दाखवून नकार दिला तर तो टिकणं अवघड. मतदार यादीच्या कामात वाजवी कारणाशिवाय कसूर केल्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये तीन महिने ते दोन वर्षं कारावास आणि दंडाची तरतूद आहे. या कलमाच्या नावाने भीती पुष्कळ दाखवली जाते. प्रत्यक्षात निवडणूक आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या आदेशाने अथवा अधिकाराने तक्रार झाल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. आणि कलमातच 'वाजवी कारण' हे शब्द आहेत. आजारपणाचं प्रमाणपत्र, मंजूर प्रसूती रजा, त्याच दिवशीचा दुसरा लेखी आदेश ही कारणं पुराव्यासह मांडा.

दुसऱ्या बाजूने, सेंट मेरीज स्कूल प्रकरणात डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांना अशा कामासाठी सुट्टीच्या आणि शिकवण्याव्यतिरिक्तच्या दिवशी लावावं असं म्हटलं होतं. शाळेच्या वेळेत घरोघरी का फिरला नाहीत, अशी नोटीस आली तर हा निकाल आणि शाळेचं वेळापत्रक जोडून सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा हिशेब द्या. काम केल्याचा हिशेब नसेल, तर नुसता निकाल उपयोगाचा नाही.

या नोटिशा मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडून येतात. उत्तर त्यांना द्या आणि प्रत मुख्याध्यापकांना व गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दोन कार्यालयांच्या आदेशांत तुम्ही अडकला आहात हे दोन्ही कार्यालयांच्या दप्तरी दिसलं पाहिजे.

सहावी पायरी: पोच

खुलासा दोन प्रतींत. एक आवक शाखेत, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. साहेबांच्या हातात दिला, त्यांनी मान हलवली, ही पोच नव्हे. आवक शाखा टाळाटाळ करत असेल तर त्याच दिवशी कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पत्र योग्य मार्गाने, म्हणजे आपल्या लगतच्या वरिष्ठांमार्फत, जायला हवं. पण ज्यांच्या मार्फत जायचं त्यांच्यामुळेच प्रकरण उभं राहिलं असेल, तर वर आगाऊ प्रत पाठवा आणि पत्रावर तसं लिहा.

खुलासा अमान्य झाला तर

"आपला खुलासा समाधानकारक नाही" अशा एका ओळीने पुढचा टप्पा सुरू होतो. किरकोळ शिक्षेचा आदेश आला तर १९७९ च्या नियमांखाली अपिलाची मुदत ४५ दिवसांची आहे. 'फक्त ठपका आहे, सोडून द्या' असं म्हणू नका. पदोन्नतीच्या वेळी तो समोर येतो.

नियम ८ चं दोषारोपपत्र आलं तर जुना खुलासा पुन्हा उतरवून देऊ नका. जोडपत्रातली सगळी कागदपत्रं पाहायला मागा, बचाव सहायक घ्या, शक्यतो विभागीय चौकश्या पाहिलेला अनुभवी किंवा सेवानिवृत्त कर्मचारी. चौकशी अहवाल विरोधात गेला तर शिक्षेआधी त्याची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. १९९३ च्या बी. करुणाकर निकालापासून हे पक्कं आहे.

बचावासाठी एक जुना निकाल जरूर वाचा. १९६० साली आसामात भाषिक दंगली उसळल्या तेव्हा जे. अहमद नौगांव जिल्ह्याचे उपायुक्त होते. त्यांनी पुरेशी खबरदारी घेतली नाही, नेतृत्व दाखवलं नाही, असे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की क्षमता कमी पडणं म्हणजे आपोआप गैरवर्तन होत नाही. दुर्लक्षाचे परिणाम फार गंभीर आणि भरून न येणारे असतील तर गोष्ट वेगळी. तीन टेबलं सांभाळताना एक मागे पडलं, अशा प्रकरणाला हा निकाल नेमका लागू पडतो.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना अपिलानंतर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट आहे. मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. अपिलावर सहा महिने निर्णय आला नाही तरी तिथे जाता येतं. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी मॅट नाही. त्यांची वाट जिल्हा परिषद सेवा नियमांतल्या अपिलाची आणि तिथून उच्च न्यायालयाची. खासगी अनुदानित शाळांतले शिक्षक १९७७ च्या अधिनियमाखाली शाळा न्यायाधिकरणात जातात, आणि तिथे मुदत तीसच दिवसांची आहे. या टप्प्यावर वकील गाठा.

नोटीस अजून आलेली नसेल तर

चार्ज मिळाला त्याच आठवड्यात एक पत्र लिहा. त्यात तीनच गोष्टी: अतिरिक्त कार्यभार अमुक तारखेला स्वीकारला, मिळालेल्या दप्तराची आणि आधीच प्रलंबित असलेल्या प्रकरणांची यादी सोबत आहे, मूळ आणि अतिरिक्त कामाचे वार एकाच दिवशी येत असल्याने प्राधान्य कशाला द्यावं याबाबत मार्गदर्शन व्हावं. तोंडी आदेश असेल तर "आपल्या दि. ..... च्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार" अशी सुरुवात करा, लेखी पुष्टी आपोआप मागितली जाते. "मार्गदर्शन व्हावे" हे शब्द नम्र आहेत आणि फार कामाचे आहेत. उत्तर आलं तर प्राधान्य वरिष्ठांनी ठरवलं; आलं नाही तर तुम्ही विचारलं होतं याची नोंद दप्तरी राहिली.

काम नाकारू नका. आदेश मोडल्याचा आरोप सिद्ध करणं सोपं असतं, कामाला उशीर झाल्याचा आरोप अवघड. काम करा आणि त्यावर निवेदन द्या. संघटनेमार्फत निवेदन देता येत असेल तर आणखी चांगलं. अतिरिक्त पदाचा कार्यभार रीतसर आदेशाने मिळाला असेल तर वेतन नियम, १९८१ च्या नियम ५६ खाली अतिरिक्त वेतनाची मागणीही करून ठेवा. त्या मागणीतूनही तुमच्याकडे दुसऱ्या पदाचं काम होतं हे नोंदलं जातं.

आणि चार्ज सोडताना, नवा माणूस ओळखीचा असला तरी, दप्तर यादी करूनच द्या. प्रलंबित प्रकरणं वेगळी लिहा, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत वरिष्ठांना पाठवा आणि एक घरी ठेवा. लेखापरीक्षणातले आक्षेप पुष्कळदा दोन-तीन वर्षांनी निघतात, आणि तोवर ते टेबल तिसऱ्याच कुणाकडे गेलेलं असतं.